बाईंनी मांडलेली गल्ली

धुळ्यात देवपुरात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा त्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"मागच्या खेपेलाही तू हेच केलंस!" एक आवाज तावातावाने म्हणाला.

"केलं. मग? माझ्याकडे पाहुणे आहेत," दुसरा आवाज ठसक्यात.

"माझी तर घागरसुद्धा भरली नाही," तिसरा रडवेला.

चौथं कुणीतरी नुसतंच "हं, हं" करत होतं. ज्या घरात चार बायका अशा भांडतात तिथे आपण काय राहणार, असा विचार करून मी मागे फिरले. तोच आतून शाळेच्या मैदानावर वाजते तशी खणखणीत शिट्टी वाजली. मी जागच्या जागी थांबले.

"आत ये. चपला बाहेर काढ."

आत एकच बाई होती. साठी ओलांडलेली, उंच, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि गळ्यात दोरीला शिट्टी. समोर टेबलावर एक पुठ्ठा, त्यावर शर्टाची निळी बटणं पसरलेली, आणि टेबलाच्या चार बाजूंना चार स्टुलं.

"बाकीच्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"कोण बाकीच्या?"

मग लक्षात आलं. चारही स्टुलांवर याच बसत होत्या. एका स्टुलावर बसून डाव खेळायचा, उठून दुसऱ्या स्टुलावर बसायचं आणि पहिलीला शिव्या द्यायच्या. प्रत्येक स्टुलाचा स्वभाव ठरलेला होता. भिंतीकडची भांडखोर, खिडकीकडची बिचारी, दाराकडची हुशारी करणारी. चौथी फारसं बोलत नसे, पण जिंकायची बऱ्याचदा तीच. "ती आतल्या गाठीची आहे, तिच्यापासून सांभाळून राहायचं," असं बाईंनी मला त्या पहिल्याच दिवशी बजावलं.

खोली गच्चीला लागून होती. बाईंची अट एकच. "भाड्याचं पुढेमागे झालं तर चालेल. पण मी बोलावलं की खेळायला खाली यायचं. स्वतःशी खेळून खेळून मला माझे सगळे डाव पाठ झालेत."

त्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी देवपुरातली निम्मी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. मी पण बाईच म्हणू लागले. त्यांनी मात्र मला कधी नावाने हाक मारली नाही. मी वर राहायचे, म्हणून 'वरची'. माझ्या आईचा पाचोऱ्याहून फोन आला आणि चुकून त्यांनी उचलला, तर त्या म्हणाल्या, "वरची आंघोळीला गेलीय." आई घाबरली. तिला वाटलं, पोरीला तिथे कोणी ओळखतच नाही.

हाक मारायला शिट्टी पुरेशी असायची. एक छोटी फुंकर म्हणजे चहा झाला. दोन म्हणजे टाकी भरली, हौदावरची मोटार बंद कर. लांबलचक शिट्टी म्हणजे गल्लीत काहीतरी घडतंय, बघायला ये. गुडघे दुखतात म्हणून त्या घरात उलट्या चालायच्या. स्वयंपाकघरातून हातात कप घेऊन, पाठ करून, दिवाणखान्यात यायच्या आणि बरोबर खुर्चीपाशी थांबायच्या. नवीन माणूस हे बघून उठून उभं राहायचं. "बसा, बसा, मी दिसतेय तुम्हाला," असं त्या पाठमोऱ्याच म्हणायच्या.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आमच्याच गल्लीत राहायची. तिने मला सांगितलं होतं, की खो-खो असो की लंगडी, जी मुलगी आउट होईल तिला बाई बाजूला बसू देत नसत. आपली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घालत आणि म्हणत, "आता तू पंच." त्यामुळे त्यांच्या वर्गात खेळ न येणाऱ्या मुली सगळ्यात कडक पंच झाल्या. मी बाईंना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आउट झालेलं माणूस काय करतं? बसून दुसऱ्यांचा राग राग करतं. त्यापेक्षा हातात काम दिलेलं बरं."

नियमांबद्दल त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. "नियम म्हणजे शिस्त नव्हे गं. नियम म्हणजे सोय." आणि हे म्हणणाऱ्या बाई स्वतःच्या खेळाचा नियम कोणी बोटभर हलवला तरी खवळायच्या.

आता त्या खेळाबद्दल.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी यायचं नाही. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एक आजी ओरडायच्या, "पानी उनंऽऽ!" म्हणजे पाणी आलं. मग सगळी गल्ली बादल्या घेऊन धावायची. कोणी नळाला थेट मोटार लावायचं आणि पाणी ओढून घ्यायचं. मग गल्लीच्या शेवटच्या घरांना नुसती फुसफुस ऐकू यायची. मग भांडणं. बाईंनी एकदा गल्लीची बैठक बोलावून भाषण केलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले, आणि पुढच्या पाण्याला पुन्हा मोटारी लावल्या.

"भाषण ऐकताना माणूस घड्याळाकडे बघतो," बाई म्हणाल्या. "खेळताना घड्याळ विसरतो. म्हणून मी खेळ करायला घेतला."

खेळाचं नाव 'पानी उनं'. पुठ्ठ्यावर एक गल्ली, मधोमध पाण्याची नळी, दोन्ही बाजूंना घरं. प्रत्येक डावाला पाणी किती आलं ते वरच्या पत्त्यावरून कळायचं. मग प्रत्येकाने आपला पत्ता उपडा ठेवायचा: घागर, बादली किंवा मोटार. एकदम सगळ्यांनी उघडायचे. दोघांनी मोटार लावली की शेवटच्या घराला काही उरायचं नाही. निळी बटणं म्हणजे पाणी. मोटार फार वेळा लावली, की दंडाचा पत्ता येऊन मोटारवाल्याची सगळी बटणं जायची.

मी तेव्हा लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या एका दुकानात डिझाइनचं काम करत होते. दिवसभर वाढदिवसाच्या भाऊंचे फोटो गोरे करायचे, हाच धंदा. बाईंच्या पुठ्ठ्यावरची वेडीवाकडी घरं बघून माझे हात शिवशिवले. मी एका रविवारी ती गल्ली नीट काढून दिली. प्रत्येक दारासमोर वेगळा ओटा, एकाकडे तुळस, एकाकडे शेळी. बाई ती बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही शेळी कोणाची?" मी म्हटलं, "अशीच." "अशीच नाही. शेळीपण पाणी पिते." दुसऱ्या दिवशी खेळात शेळीचा नियम आला होता.

तर मी अशी त्यात ओढली गेले. दुकानातून आले की खाली जायचं आणि खेळायचं. बाई दिसेल त्याला पकडून आणायच्या. पोस्टमन, गॅसवाला, वीजमीटर बघायला आलेला माणूस. सगळे दोन डाव खेळायचे, बाईंच्या धाकाने हसायचे आणि उठताना म्हणायचे, "छान आहे, बाई. ठीक आहे."

"ठीक आहे!" दार लागल्यावर बाई फणकारायच्या. "डब्यात भाजी कशी होती विचारलं की म्हणतात तसं ठीक आहे. खेळ संपल्यावर माणसाने 'परत मांडा' म्हटलं पाहिजे. एकाने तरी म्हटलं का?"

कोणी म्हणत नव्हतं. मला कारण कळत नव्हतं, बाईंनाही नाही. त्या रात्रंदिवस नियम बदलत होत्या. दंड वाढवून बघितला, कमी करून बघितला. खेळ काही हलेना.

शेजारच्या घरात नाना राहायचे. जिनिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशीचे, गंजीवर ओट्यावर बसणारे. त्यांची मोटार गल्लीत सगळ्यात मोठी. बाईंचं आणि त्यांचं त्यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. मधल्या भिंतीवरून फक्त भांडी आपटल्याचे आवाज जायचे-यायचे.

मोटारीच्या पत्त्यावर माणूस काढायचा होता. मी गंजीतला एक माणूस काढला आणि त्याला मिशी दिली. खरंच सांगते, मुद्दाम नव्हतं केलं. रोज दाराशी तोच चेहरा दिसायचा, तो हातातून उतरला. पत्ते डिंकाने चिकटवून बाईंनी ओट्यावर उन्हात वाळत टाकले, आणि नाना दूध घेऊन येत होते.

आम्ही आत होतो. बाहेरून अहिराणीत आवाज आला, "हाऊ कोन शे?" हा कोण आहे.

बाई उलट्या चालत दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. नानांच्या हातात मोटारीचा पत्ता होता. दुसऱ्या हातात दुधाची पिशवी.

"हाऊ मीच शे ना? हाई मन्हीच मिशी शे! बठ्ठी गल्ली माले हासी!" सगळी गल्ली मला हसेल.

"तू मोटार लावतोस, गल्लीला माहीत नाही का?" बाई म्हणाल्या.

"हे छापलं ना बाई, तर मी कोर्टात जाईन. सांगून ठेवतो."

"जा. पण आधी खेळून बघ आणि मग जा. न खेळता कोर्टात काय सांगशील?"

मला वाटलं, नाना पत्ता फाडून निघून जातील. पण त्यांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीकडच्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांनी ते त्या घरात पाऊल टाकत होते. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. मी पत्ते वाटले.

नाना दर डावाला मोटार लावत होते. न बोलता, पत्ता आपटत. व्हायचं तेच झालं, दंड आला आणि त्यांची सगळी बटणं गेली. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. नानांनी रिकाम्या जागेकडे बघितलं. मग पुठ्ठ्यावरच्या घरांवरून एक बोट फिरवलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ही बठ्ठी घरं खालीच शेत," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "वरचा मजला कोणाले नही. आजारी कोणी नही. तुन्हा खेयमा मन्ही माय कोठे शे, बाई?"

तुझ्या खेळात माझी आई कुठे आहे. नानांची आई वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळून होती. तिचे कपडे, अंथरूण रोज धुवावे लागत. पाणी त्या मजल्यावर आपोआप चढत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं. नुसती एक भिंत मध्ये असून बाईंनाही माहीत नव्हतं. म्हातारी गेली असेल असंच त्या धरून चालल्या होत्या, कारण ती बरेच दिवस दिसली नव्हती.

नाना उठले, दूध घेऊन गेले. मी पत्ते गोळा करायला लागले, तर बाईंनी माझा हात धरला. "राहू दे." बऱ्याच वेळाने त्या उठल्या, सरळ चालत, पुढे तोंड करून नानांच्या दारात गेल्या आणि जिना चढून वर गेल्या. परत आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं.

"वरची, ती मिशी पुसून टाक," त्या म्हणाल्या. "आणि दंडाचा पत्ता फाड. लोक 'ठीक आहे' का म्हणत होते ते कळलं. खेळात मी आधीच ठरवून ठेवलं होतं, चोर कोण आणि साव कोण. मग त्यांनी खेळायचं काय?"

त्यानंतरचे दिवस मला फार आवडतात. बाईंनी सगळं नव्याने मांडलं. आता खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक घराचा पत्ता उचलायचा आणि तो इतरांना दाखवायचा नाही. कोणाचं घर वरच्या मजल्यावर, कोणाकडे आजारी माणूस, कोणाकडे लग्न, कोणी एकटंच. ज्याची जेवढी गरज तेवढं पाणी त्याने भरायचं, आणि मागायचं असेल तर तोंडाने मागायचं. दुसऱ्याने द्यायचं की नाही, हे त्याच्यावर. कोणी खरं बोलतंय की थापा मारतंय, हे शेवटीच कळायचं.

नव्या खेळाच्या पहिल्या बैठकीला बाईंनी स्वतः नानांना बोलावलं. गल्लीतल्या आणखी दोघी होत्या. थोड्याच वेळात असा गोंधळ सुरू झाला की विचारता सोय नाही. नाना शपथा घेऊन सांगत होते, माझ्याकडे लग्न आहे, मांडवात शंभर माणूस आहे. त्यांना सगळ्यांनी मिळून पाणी दिलं. शेवटी पत्ता उलटला तर नाना एकटेच राहणारे निघाले. त्या दोघींतली एक हसता हसता स्टुलावरून खाली बसली. आत चहा उतू गेला, जळला, वास सगळ्या घरात पसरला, तरी कोणी उठलं नाही. आणि नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "परत मांडा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बटणं पुन्हा वाटायला घेतली.

मोटारी बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर नाना शेवटच्या घराची टाकी भरली का, हे विचारून मोटार लावायला लागले. आणि ते गल्लीला पुरलं.

खेळ झाला, पण छापायचा कसा? मी बाईंना इंटरनेटवरच्या लोकवर्गणीबद्दल सांगितलं. वेबसाइटवर आपला खेळ दाखवायचा, ज्यांना हवा त्यांनी आधीच पैसे भरायचे. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली तर आपण छापून घरपोच पाठवायचा. नाही जमली तर ज्याचे पैसे त्याला परत जातात, आपल्याला काहीच मिळत नाही.

"म्हणजे भिशी," बाई म्हणाल्या. "ओळख नसलेल्यांची. आणि नाही जमलं तर परत, हे मला आवडलं."

वेबसाइटवर टाकायला एक छोटा व्हिडिओ लागतो. मी मोबाइल धरून उभी राहिले. बाईंनी खेळ समजावून सांगितला, छानच सांगितला, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "शोकेसमध्ये ठेवायला घेणार असाल तर घेऊ नका. पैसे वर आले असतील तरी घेऊ नका." मी म्हटलं, हे काढून टाकू. त्या म्हणाल्या, "हेच ठेव, बाकीचं काढलंस तरी चालेल."

त्या व्हिडिओमुळे सुरुवातीला बरे लोक आले. पण बाईंना प्रत्येकाची चौकशी करायची होती. पैसे भरणाऱ्याचा फोन नंबर मिळाला की त्या फोन लावायच्या. "कोणाबरोबर खेळणार? घरात किती जण? भांडता का?" पुण्याचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, की माझ्याकडे देशोदेशीचे खेळ आहेत, हाही संग्रहात ठेवीन, उघडणारसुद्धा नाही. बाईंनी त्यांचे पैसे परत करायला लावले. ते गृहस्थ बिचारे माफी मागत होते.

मी दुकानातली नोकरी सोडली होती. मालक सुट्टी देत नव्हता, आणि मला हे पूर्ण करायचं होतं. वडील पाचोऱ्याहून फोन करून विचारायचे, "खेळ खेळायला नोकरी सोडलीस?" मी हसून वेळ मारून न्यायचे. पण मुदत संपत आली, आकडा अर्ध्याच्या अलीकडे येऊन खिळल्यासारखा थांबला, तेव्हा मला जेवण जाईना. बाईंच्या विद्यार्थिनी जगभर होत्या. मी म्हटलं, त्यांना कळवू या. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. त्या शिट्टीला घाबरून पैसे भरतील. खेळायला नाही."

"मग काय करायचं, बाई?"

"खेळायचं."

जळगावला माझी मावशी असते. तिची भिशी होती. मी बाईंना घेऊन गेले. धुळ्याहून बसमध्ये त्यांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी असा धरला होता, की कंडक्टरने विचारलं, "आजी, काच आहे का?" पारोळ्यापर्यंत त्यांनी त्यालाच नियम समजावले.

मावशीच्या हॉलमध्ये बायका शेव, कचोरी आणि गप्पा यांत रमल्या होत्या. त्यांना खेळात रस नव्हता. बाईंनी शिट्टी वाजवली. एकदम शांतता झाली आणि मी डोळे मिटून घेतले. पण पहिला डाव पडला आणि दुसऱ्या डावाला शेजारच्या खोलीतून दोघी उठून आल्या. तिसऱ्याला कचोऱ्या तशाच राहिल्या. एक बाई, जी म्हणे भिशीत कधी बोलायची नाही, ती शेवटच्या घरात बसली होती. ती गुडघ्यांवर उभी राहून ओरडली, "मी का दर वेळी शेवटी? सांगा ना, मीच का?" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिच्या सासूने आपलं सगळं पाणी तिच्यापुढे सरकवलं.

त्या बायकांत एक भाभी होत्या. मूळच्या राजस्थानकडच्या घरातल्या, त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या भाचीचं लग्न आहे. पाहुण्यांना भेट म्हणून द्यायला मला हे पाहिजेत. पुष्कळ पाहिजेत."

भेट म्हणून! आता बाई काय म्हणणार ते मला माहीत होतं. मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी पदर सोडवून घेतला.

"खेळणार का नुसते वाटणार?" बाईंनी विचारलं. "बासनात गुंडाळून ठेवणार असतील तर मी देत नाही."

भाभींना असं विचारणारं जळगावात कोणी नसावं. त्यांनी थोडा विचार केला.

"बाई, आमच्या लग्नात दोन्हीकडचे लोक पहिले दोन दिवस एकमेकांशी बोलतच नाहीत. नुसते दागिने बघत बसतात. हे मांडलं तर भांडतील तरी."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

पुढे सगळं भिशीच्या बायकांनीच केलं. एकीने दुसऱ्या भिशीला सांगितलं, तिने माहेरी, माहेरच्यांनी शिंदखेड्याला. बाईंनी आणि मी बसने इकडून तिकडे पुठ्ठा नेला. शेवटच्या दिवशी दुपारी मी मोबाइल घेऊन बसले होते, आणि आकडा हलला, पुन्हा हलला आणि ठरलेल्या रकमेच्या पलीकडे गेला. मी ओरडतच गच्चीवर गेले. बाई पाण्याची टाकी घासत होत्या.

"बाई, झालं! जमलं!"

"किती लोक?" त्यांनी विचारलं. पैसे किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मी सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि टाकीच्या सावलीत बसल्या.

"वरची," त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, नाहीच जमणार. काल तर वाटलं, नाही जमलं तर बरंच होईल. कोणाला तोंड द्यायला नको. छापलं आणि लोकांना नाही आवडलं तर?" मग त्या हसल्या. "आता सुटका नाही." आणि असं म्हणताना त्या इतक्या सुटल्यासारख्या दिसत होत्या, की मी त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसकण मारली. नाना खालून ओरडत होते, काय व्हयनं, काय व्हयनं.

जळगावच्या एका छापखान्यात खेळ छापला गेला. त्यातूनच मला तिथे काम मिळालं आणि मी धुळं सोडलं. वडील आता लोकांना सांगतात, आमची मुलगी खेळ तयार करते. बाईंची माझी भेट मधूनमधून होते. त्या ठणठणीत आहेत.

गेल्या थंडीत त्यांनी फोन करून मला साक्रीला बोलावलं. तिथल्या मुलींच्या एका वसतिगृहाला कोणीतरी 'पानी उनं'चा डबा भेट दिला होता, असं त्यांना कळलं होतं. "आपण कोण ते सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं बघून यायचं."

व्हरांड्यात मुली गोल करून बसल्या होत्या. डोंगराकडच्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या. आम्ही मागे उभ्या राहिलो. आधी माझ्या लक्षात आलं. त्यांनी बोर्ड उलटा केला होता. मागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत खडूंनी एक डोंगर काढला होता, खाली झरा, वर घरं, मध्ये वळणावळणाची पायवाट. नळ नव्हता. मोटार नव्हती. मी रात्रंदिवस बसून काढलेली गल्ली खाली फरशीला तोंड लावून पडली होती, आणि बाईंनी शब्द न् शब्द जुळवून लिहिलेलं नियमांचं पुस्तक एका मुलीने पाटीखाली टेकण म्हणून घातलं होतं.

मी बाईंकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"हे असे नियम कोणी सांगितले?" बाईंनी विचारलं. आवाज शाळेतला.

एका मुलीने मान वर केली. "आम्हीच केले. पुस्तकातले आमच्याकडे चालत नाहीत. आमच्याकडे पाणी येत नाही ना, आपल्याला जावं लागतं."

वाऱ्याने व्हरांड्यातली पानं सरकली. बाईंनी एकदा त्या डोंगराकडे बघितलं, एकदा मुलींकडे. मग साडी सावरली, भिंतीला हात टेकवला आणि गुडघ्यांचा विचार न करता त्या थंड फरशीवर मुलींच्या गोलात बसल्या.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

मुलींनी सरकून जागा केली. त्यांना पायवाटेच्या अगदी वरच्या टोकाचं घर मिळालं. पहिल्या खेपेला त्यांनी चूक केली, तर शेजारच्या मुलीने त्यांच्या हातावर चापट मारली आणि घागर मागे ठेवायला लावली. बाईंनी मुकाट्याने ठेवली.

"चला आजी," ती मुलगी म्हणाली, "आता तुम्ही चढा."